शिंगाडे थाई हॉटेलात गेले तो हंगाम

शिंगाडे आले. काल सकाळी पिंकीचे बाबा तलावावरून आले, अंगनात पहिली टोपली उलटी केली अन् तो वास सुटला, चिखलाचा, शेवाळाचा, थोडासा कच्च्या दुधासारखा, अन् मी मान वर करून पाह्यलं. मांडीवरचा पाच महिन्यांचा पोरगा दूध पिऊन राह्यला होता, त्यानं बी पिनं सोडून वर पाह्यलं. पिंकी आता पहिलीत जाते. ती दप्तर फेकून धावत आली अन् म्हने, "आई, लाल वाले कधी करशील?"

लाल वाले! कोनी ऐकलं तर हसन. शिंगाडा काय लाल असते? सोलला की पांढराफट, उकडला की काळाकुट्ट. आमी ढिवर लोकं, तलावात जाळं टाकनं अन् शिंगाडे लावनं हेच आमचं, आमाले कोनी शिंगाडा शिकवावा का? पन आमच्या घरी लाल शिंगाडे होतात, नारळाच्या पांढऱ्या दुधात तरंगनारे, डाळिंबाच्या दान्यासारखे. हे आमाले समुद्रापलीकडच्या लोकाईनं शिकवलं. म्हनजे ते लोकं मी कधी पाह्यले नाईत. मी त्याईचं हॉटेल पाह्यलं, चंद्रपुरात. त्या एका हंगामात मी इतके हॉटेलं पाह्यले की माह्या माहेरी, कुरखेड्याकडं, अजून कोनाले खरं वाटत नाई.

तेव्हा पिंकी चौदा महिन्यांची होती. अंगनवाडीच्या बाईंनी तिले झोळीत टांगलं, कार्डावर टिंब काढलं अन् पेन तसाच धरून ठेवला. "साडेसहा," त्या म्हनल्या. "हे वजन नाई वं या वयाचं. सातच्या वर जाले पाहिजे. दिवाळी झाली की परत तोलू. तेव्हाबी नाई गेलं तर चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती करा लागन."

भरती म्हटलं अन् माह्या डोळ्यापुढं कापड आलं. माहा पहिला पोरगा आठव्या महिन्यातच झाला होता, मुठीएवढा, त्याले दवाखान्यात नेलं अन् तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडात परत आनलं. कोनाचा दोष नव्हता. डॉक्टर बी रडवेला झाला होता. पन तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की मले लेकरू नाई, ते कापड दिसे. पिंकीले उचललं अन् घरापर्यंत धावतच गेली, जसं कोनी मागून तिले घ्याले येऊन राह्यलं होतं.

अन् पोट्टी खातच नव्हती ना! वरन-भात दिला, थुंकला. पेज दिली, थुंकली. मुगाची खिचडी, गूळ-फुटाने, बारीक काटे काढलेला मासा, सगळं जिभेनं बाहेर. तोंड असं मिटून घे की वाटे कोनी टाके घातले. निस्तं माह्या अंगावरचं दूध, अन् ते बी किती पुरनार! एक शिंगाडा काय तो मी दिला नव्हता. कारन आत्याबाई, म्हनजे माही सासू, तिचा नियमच होता. पित्या लेकराले अन् लेकराच्या मायले शिंगाडा नाई. शिंगाडा थंड, छाती भरते. आमच्या घरात हे असंच चालत आलं. हंगामभर शिंगाड्यात बसाचं, शिंगाडे तोडाचे, हाताले काटे टोचून घ्याचे, नखं काळे करून घ्याचे, अन् तोंडात एक टाकाचा नाई.

आठवड्यातून दोनदा आमी पहाटेच्या गाडीनं चंद्रपूरले शिंगाडे विकाले जात होतो. बाजारात तीन बांबू बांधून त्याले मोठा काटा टांगाचा, दोन पारडे, लोखंडी मापं. एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं तर मी इकडंतिकडं पाह्यलं अन् एका पारड्यात पिंकीले बसवलं अन् दुसऱ्यात पाचचं अन् दोनचं माप ठेवलं. मापाचं पारडं खाली गेलं. पोट्टी वर. हवेत. मले पाहून हसे, तिले वाटे पाळना आहे. पिंकीचे बाबा धावत आले, "काय करून राह्यली वं! विकाच्या काट्यात लेकरू तोलतात का? आईनं पाह्यलं असतं तर!" मी म्हनलं, "आई घरी आहे. तुमी सांगू नका." मंग ते बी पाहत राह्यले, त्या वर गेलेल्या पारड्याकडं. तेव्हापासून दर बाजारी मी चोरून तिले तोलत होती. दर बाजारी ती हवेत.

अन् मंग पिंकीच्या बाबानं ते म्हटलं. शेवटची टोपली विकून झाली होती, ते हात धुवून आले अन् म्हने, "गावचं नाई खात ना? चल. शहरचं चारू."

मी हॉटेलात कधी पाय ठेवला नव्हता! बसस्टँडवर चहा, फार तर आलूबोंडा, तो बी उभ्यानं, तोंड भिंतीकडं करून. पहिल्या दिवशी आमी डोशाच्या हॉटेलात गेलो. मी दाराशी चपला काढल्या. बाबा म्हने, "घाल वं, घाल, देवळात नाई आलो." पंखे गरगर, टेबलं चकचक, अन् तो डोसा आला, माय! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बंदुकीच्या नळीवानी. मी घाबरून मागं सरकली. मंग एक तुकडा तोडला, कुर्रकन वाजला, आत आलूची भाजी, पिवळी, गरम, मोहरीची, अन् मी सगळं विसरली. खरंच विसरली. अर्धा डोसा पोटात गेल्यावर आठवलं की आपन पोरीसाठी आलो होतो. पिंकीले तुकडा दिला. तिनं तो चोखला अन् माह्या पोलक्यावर टाकला.

मले इतकी लाज वाटली! लेकरू उपाशी अन् माय डोसा खाऊन राह्यली. पन खोटं काऊन बोलू, त्या लाजेच्या खाली मजा वाटत होती. वाटे, पुढच्या बाजारी कुठी?

पुढच्या बाजारी पंजाबी. तिथी बायकांसाठी वेगळी खोली होती, पडदा लावलेली, मिनमिन लाईट. आमी दोघं नवरा-बायको त्या पडद्याआड बसलो अन् एकमेकाकडं पाहून हसाले लागलो, काऊन ते आमालेच माहीत नाई. लग्नाले चार वर्षं झाले होते पन असं समोरासमोर बसून आमी कधी जेवलो नव्हतो. घरी पहिले पुरुषं, मंग आत्याबाई, मंग मी चुलीपाशी. त्या दिवशी मी पाह्यलं की माहा नवरा जेवताना डोळे मिटते. चार वर्षात पहिल्यांदा पाह्यलं! भाजी लाल, वर लोनी, रोटी हातानं तुटे ना. जेवन झालं, मी उठली, दोन्ही ताटं उचलले अन् चालली मोरी शोधत. वाढनारा माह्या मागं धावला, "ओ बाई, ठेवा ना, ताटं कुठी घेऊन चालल्या?" मी म्हनलं, "घासून देते ना भाऊ." अख्खं हॉटेल हसलं. बाबा तर गाडीत बसेपर्यंत हसत होते. पिंकी त्या पडद्याआड झोपून गेली होती. एक घास बी नाई.

मंग गाडीवरचे नूडल. ते पाह्यले तर मले वाटलं गांडूळं. पिंकीनं एक ओढला, ओढला, ओढतच राह्यली, नाकाले चिकटला, अन् ती खदखदून हसली. दोन महिन्यात अशी हसली नव्हती. मी म्हनलं आता गिळन, आता गिळन. नाई गिळला. तोलली तर तेवढीच. सातचं पारडं खाली, माही पोट्टी हवेत. दिवाळीले तीन आठवडे राह्यले होते.

आत्ता हे लिहून राह्यली तर पिंकी अंगनात शिंगाडे निवडून राह्यली, मोठे इकडं, लहान तिकडं, अन् मधात मधात एक कच्चा तोंडात. कटकन वाजते. तो आवाज ऐकला की अजून मले वाटते, थांब, जरा थांबून ऐकू.

रहीमभाई आले ते असेच एका बाजारी. पांढरी दाढी, पांढरा सदरा, हाताले मसाल्याचा वास. टोपलीतला एक शिंगाडा दातानं फोडला अन् डोळे बारीक केले. "बाई, छीलके दोगी क्या? कवळे-कवळे. आपल्या हॉटेलात लागतात." पिंकीच्या बाबानं विचारलं, "उपासाचं करता का भाऊ?" तर ते हसले. "उपास नाही रे बाबा. थाई."

ते किती तरी वर्षं परदेशात खानसामा होते, आता घरी परतले होते. कोन्या शेठनं बाजारापासून थोडं पुढं नवीन हॉटेल टाकलं होतं, पंजाबी, चायनीज अन् बोर्डावर सगळ्यात शेवटी, थाई. मी बाबाले हळूच विचारलं, "थाई म्हनजे काय?"

"देश आहे वं. समुद्राच्या पलीकडं."

"काय खातात?"

रहीमभाईनं ऐकलं. "भात अन् मासे, बाई. वाळवलेले झिंगे. चिंच. तुमच्यासारखंच."

मी म्हनलं, "मंग पलीकडचे कायचे, ते तर आपलेच झाले!"

दोन बाजार मी सोललेले शिंगाडे मागच्या दारानं देऊन आली. तिसऱ्या बाजारी रहीमभाई म्हने, "आज पुढच्या दारानं या. मियाँ-बीवी दोघं. बच्ची को भी लाओ."

काचेचं दार. आत काचेची पेटी, पान्यात सोनेरी मासे. आमी तिघं तिच्यासमोर उभे. बाबा म्हने, "एवढ्याशाचं कालवन किती होईन?" वाढनारा म्हने, "ते पाहाचे आहेत." पाहाचे मासे! आमच्या सात पिढ्यात कोनी मासा निस्ता पाह्यला नसन.

सूप आलं. मी वास घेतला अन् तिथीच थबकली. आमच्या परसातला गवती चहा होता तो! अन् त्याच्या मागून झिंग्याचा वास, अन् नारळ, अन् तिखट, अन् आंबट. जसं कोनी माह्या आईचं कालवन घेऊन त्याले नवीन लुगडं नेसवलं. मी चमच्यावर चमचे पेली. नाकातून पानी, डोळ्यातून पानी. त्यात काड्या होत्या, त्या बी मी चावत बसली, चावत बसली, सरेच ना. रहीमभाई सैपाकघरातून डोकावले, "अरे बाई, वो लकडी है, खाते नहीं!" मी म्हनलं, "मंग टाकली कायले?" बाबाले ठसका लागला.

मंग ती वाटी आली. पांढरं नारळाचं दूध अन् त्यात लाल-लाल दाने, चमकनारे. मी काय आहे ते विचारनार, तर माह्या मांडीवरून एक हात गेला. पिंकीचा. तिनं वाटीत हात घातला, मूठ भरली अन् तोंडात घातली.

अन् गिळली.

आमी दोघं दगडासारखे. तिनं तोंड उघडलं. आपोआप, चिमनीच्या पिल्लावानी, आ. अजून दे. मले आठवतच नव्हतं की माही पोरगी तोंड उघडल्यावर कशी दिसते. मी चमच्यानं ते दाने ज्वारीएवढे बारीक दाबले अन् दिले. गिळले. आ. अजून.

"रहीमभाई," मी वरडलीच, "हे काय आहे?"

"आपके ही सिंघाडे, बाई. बीटाच्या पानीत भिजवले, साबुदान्याच्या पिठात घोळवले, उकळले. बस."

चमचा माह्या हातातच राह्यला. शिंगाडे. थंड. छाती भरते. एकीकडं ते कापड, पांढरं, अन् एकीकडं माही पोट्टी, आ करून बसलेली. मी बाबाकडं पाह्यलं. ते म्हने, "तू सांग." मी काय सांगू? घरात मीठ किती टाकाचं ते बी मी कधी ठरवलं नव्हतं. पिंकीनं टेबलावर हात आपटला. मंग मी चमचा भरला. घाईत अर्धं तिच्या गळ्यावर सांडलं. पन वाटी संपवली. अख्खी वाटी.

गाडीत मी तिच्या छातीले कान लावून बसली. खड्डा आला की माहा कान आपटे, मी परत लावे. घरघर वाजते का? नाई. आता? नाई. मूल गावाकडच्या रस्त्याचे सागाचे झाडं मागं पळत होते अन् मी आतून भीत बी होती अन् नाचत बी होती, खाल्लं, खाल्लं, माह्या पोरीनं खाल्लं.

दारात आत्याबाई. तिनं लेकराले घेतलं अन् किंकाळी फोडली, "अवं रक्त! तोंडाले रक्त कायचं?" हनुवटी, गळा, झबलं, सगळं लाल! बाबा म्हने, "रक्त नाई आई, बीट." "अन् बीटानं इतकं चिकट होते का?" मंग मले सांगावंच लागलं. शिंगाडा म्हटला अन् तिचा चेहरा उतरला. वरडली असती तर बरं झालं असतं. ती निस्ती म्हनली, "एक गेला, सूनबाई. मी बी होती ना तेव्हा. मी बी त्याले धुतलं होतं."

मले तोपर्यंत वाटे की भीती निस्ती माही आहे.

दोन दिवस आत्याबाईनं पिंकीले खाली ठेवलं नाई. घडीघडी छातीले कान. मी चुलीपाशी, ती ओट्यावर, दोघींचं ध्यान एकाच श्वासाकडं. छाती भरली नाई. पन पिंकी परत तोंड मिटून बसली. कच्चा शिंगाडा दिला मी चोरून, थुंकला. उकडलेला दिला, थुंकला. लाल पाहिजे होता तिले! तिसऱ्या दिवशी बाजार होता. आमी निघालो तर आत्याबाई नवीन लुगडं नेसून दारात उभी. "मी बी येते. पाहू दे तो थाईवाला."

आत्याबाई हॉटेलात! पदर नाकापर्यंत, खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घातलेली, वाढनाऱ्याले म्हने, "बाबू, तो पंखा बंद कर, लेकरू आहे." रहीमभाई स्वतः वाटी घेऊन आले. तिनं त्याईले समोर बसवलं.

"भाऊ, तुमाले किती लेकरं?"

"पाच, अम्मा. नाती-नातू बारा."

"मंग तुमाले समजाले नाई का? शिंगाडा थंड असते."

"असते ना अम्मा. म्हनून तर उकळलं. अन् नारळाच्या दुधात अद्रक घातलं, उकळून, छानून. बर्फ सगळे टाकतात, मी बच्ची के लिए नाही टाकला. चखो."

आत्याबाईनं चमचा नाई घेतला. बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले. तिचा पोरगा मिटते तसेच. "अद्रक आहे," ती म्हनली. परत बोट बुडवून, "आहे अद्रक." मंग वाटी ओढली अन् आपल्या हातानं पिंकीले भरवाले लागली, अन् पिंकी आ करे अन् आत्याबाई बी नकळत आ करे. रहीमभाईले म्हने, "आता कसं करतात ते हिले सांगा. लेकराले रोज का गाडीनं आनाचं?"

त्या दिवसापासून आमच्या चुलीवर रोज लाल शिंगाडे. नारळ बाजारातून, बीट बाजारातून, शिंगाडे तलावातून. मंग पिंकी त्या दुधात कालवलेला भात खाले लागली. मंग निस्ता भात. मंग मासा. काय उघडलं तिच्या आत, मले माहीत नाई. तलावात पहिला डोंगा, आमची लहान होडी, घातला की शिंगाड्याच्या वेलीत एक वाट पडते अन् मंग सगळे डोंगे त्याच वाटेनं जातात, तसं काईतरी झालं असन.

दिवाळीच्या पुढच्या बाजारी आत्याबाई परत आमच्यासंगं आली. अंगनवाडीत दुसऱ्या दिवशी वजन होतं. बांबूले काटा टांगला अन् ती म्हने, "तोल."

मी म्हनलं, "काय?"

"मले काय दिसत नाई का? दर बाजारी येऊन तुह्यं तोंड पडलेलं राहे अन् पोट्टीच्या झबल्याले पारड्याचा चिखल. तोल."

मी पिंकीले पारड्यात बसवलं. आत्याबाईनं आपल्या हातानं पाचचं माप ठेवलं. मंग दोनचं. अन् हात काढून घेतला. मी डोळे मिटले. आजूबाजूचा सगळा बाजार बंद पडला असं वाटलं मले, एक बी आवाज नाई.

धप्प.

डोळे उघडले तर पिंकी खाली, जमिनीले टेकलेली. मापं हवेत! सात किलो लोखंड हवेत झुलत होतं अन् माही पोरगी खाली बसून माती उकरत होती. पिंकीच्या बाबानं तोंड फिरवलं, गमछ्यानं घाम पुसाले लागले, थंडीत. मी हसून राह्यली होती का रडून, मले सांगता येनार नाई.

आत्याबाई टोपलीपाशी गेली. शिंगाड्याची मूठ भरली अन् मापाच्या पारड्यात टाकली. पारडं हललं नाई. दुसरी मूठ. तिसरी. चवथीले जरासं हललं. ती एकेक मूठ अशी टाके जशी कोनाच्या ओटीत टाकून राह्यली. नवव्या मुठीले काटा सरळ झाला, अन् पिंकी जमिनीपासून वर आली, हळूच.

एक गिऱ्हाईक आलं, त्या पारड्यातल्या शिंगाड्याकडं बोट करून म्हने, "बाई, हेच द्या, चांगले दिसतात." आत्याबाईनं दोन्ही हात पारड्यावर आडवे ठेवले. "ते नाई भाऊ. ते विकाचे नाईत. सातच्या वर तेवढी आमची पोट्टी आमाले भेटली." अन् ते सगळे पदरात बांधून ती रहीमभाईच्या हॉटेलाकडं चालली, एकटीच, पुढच्या दारानं.

काल पहिली टोपली आली तर आत्याबाईनं ओट्यावरून पाह्यलं. आता तिले कमी दिसते. मांडीवरच्या पोराकडं बोट करून म्हने, "याचं उष्टावन पुढच्या महिन्यात ना? अद्रक आनून ठेव वं." मी हो म्हनलं. पिंकीनं तोपर्यंत काटा ओढत आनला होता, बाबाकडून बांबूले टांगून घेतला होता अन् पारड्यात बसून वरडत होती, "आई, मले तोल, मले तोल!" तिच्या भारानं बांबू वाकला. आमच्या घरी आता तेवढे मापंच नाईत.